तक्त्यावर नसलेला कान

धम्मशीलाबाईंना आधी वाटलं, ग्लुकोमीटरच बिघडलंय. बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीला लावायचा, पाचापर्यंत मोजायचं, की यंत्र बारीकसा आवाज करून आकडा दाखवायचं. पोळ्यानंतर कधीतरी तो आवाज बंद झाला. आकडा दिसायचा, पण मुकाट्यानं. त्यांनी सेल बदलला, यंत्र तळहातावर आपटून पाहिलं. शेजारी रजिस्टरला रेघा मारत बसलेल्या मालनबाई मान वर न करताच म्हणाल्या, "वाजायलंय की सिस्टर. दोनदा वाजलं."

"हो, वाजलं," असं म्हणून धम्मशीलाबाईंनी यंत्र डबीत ठेवलं. 

ताडकळसपासून सात-आठ किलोमीटरवरच्या एका वाडीत त्यांचं उपकेंद्र होतं. दोन खोल्या, पुढं पत्र्याचा आडोसा, एक हातपंप आणि दारात त्यांनीच लावलेला कढीपत्ता. नर्सच्या नोकरीची तेहतीस वर्षं झाली होती. येत्या मे महिन्यात अठ्ठावन्न पूर्ण होऊन त्या निवृत्त होणार होत्या. मालनबाई त्या वाडीच्या आशा कार्यकर्त्या, पंचेचाळिशीच्या, तोंडानं फटकळ आणि पायानं चपळ. दोघींची जोडी गावात ठरलेली. सिस्टर स्कूटीवर पुढं आणि मालनबाई औषधांची पिशवी पोटाशी धरून मागं.

धम्मशीलाबाईंचं नाव होतं ते त्यांच्या कानासाठी. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचं अॅल्युमिनियमचं एक छोटं साधन असतं. एक तोंड बाईच्या पोटावर टेकवायचं आणि दुसऱ्याला आपला कान लावायचा. वाडीतल्या बाया त्याला नरसाळं म्हणत. ते पोटावर ठेवून धम्मशीलाबाई डोळे मिटायच्या, डाव्या हातातल्या घड्याळाकडे अधूनमधून बघायच्या आणि मिनिटभरानं आकडा सांगायच्या. तो आकडा परभणीच्या मोठ्या यंत्रावर तपासला तरी दोन-चारच्या फरकानं तोच निघायचा. वीस वर्षांपूर्वी एका बाईच्या बाळाचे ठोके मंदावलेत हे त्यांनी याच नरसाळ्यातून ओळखलं होतं आणि जीपमध्ये घालून तिला वेळेवर पोचवलं होतं. ती गोष्ट अजून सांगितली जायची. गेल्या पावसाळ्यात उपकेंद्राचं ठोके मोठ्यानं ऐकवणारं डॉप्लर यंत्र बिघडून दुरुस्तीला गेलं ते परत आलंच नाही. तेव्हा मालनबाईच म्हणाल्या होत्या, "सिस्टरच्या कानापुढं डॉप्लर काय करायचाय?" धम्मशीलाबाई तेव्हा हसल्या होत्या. यंत्रासाठी पुन्हा अर्ज करायचं मग राहूनच गेलं.

त्यांना स्वतःला साखरेचा विकार होऊन अकरा वर्षं झाली होती. गावभर लोकांच्या बोटांना टोचणारी ही बाई स्वतःच्या गोळ्यांच्या बाबतीत मात्र हयगय करायची. गोळी जेवणासोबत घ्यायची आणि लसीकरणाच्या दिवशी जेवायला चार वाजायचे, मग गोळी पर्समध्येच राहायची. उपकेंद्राच्या भिंतीवर मधुमेहाचा एक रंगीत तक्ता होता. मधोमध माणसाची आकृती आणि तिच्यातून बाण काढलेले. डोळे, हृदय, मूत्रपिंड, पाय. दर मंगळवारी त्या छडी घेऊन तो समजावून सांगायच्या. "डोळे तपासून घ्या. पायाला साधी जखम झाली तरी दाखवा." आकृतीला दोन कानही काढलेले होते, पण त्यांच्याकडं बाण गेलेला नव्हता. अकरा वर्षांत त्यांना स्वतःलाही तो बाण कधी सुचला नव्हता. म्हणून आवाज कमी व्हायला लागले तेव्हा त्यांनी आधी यंत्राला दोष दिला, मग कानातल्या मळाला, मग वयाला.

घरी त्यांचे पती सिद्धोधन गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. ते एके संध्याकाळी म्हणाले, "तुमच्या टीव्हीमुळं अख्ख्या गल्लीला बातम्या फुकट मिळायलेत. शेजारच्या म्हशीनं दूध द्यायचं बंद केलं तर भरपाई मागतील." धम्मशीलाबाईंनी आवाज कमी केला आणि मग अर्धा तास नुसत्याच हलणाऱ्या ओठांकडं बघत बसल्या. त्यात एक बारीक शूं शूं असा आवाज कानात कायम राहायला लागला होता. बाहेरचं ऐकू येत नव्हतं आणि आतलं बंद होत नव्हतं.

त्यांना त्यांची आई आठवायची. आई पुढं पुढं ठार बहिरी झाली होती. सुरुवातीला सगळे तिच्याशी ओरडून बोलत, नंतर खुणा करत, नंतर तेही थांबलं. उंबऱ्याशी बसून ती सगळ्यांच्या तोंडाकडं बघायची आणि दुसरे हसले की हसायची. घरात मयताची बातमी आली त्या दिवशीही ती एकदा चुकून हसली होती. तिच्या पायाची जखम दोन वर्षं भरत नव्हती. त्या काळात खेड्यात कोणी साखर तपासत नसे. आता धम्मशीलाबाईंना वाटायचं, आईलाही तोच विकार असणार. आणि उंबऱ्याशी बसलेल्या आईच्या जागी त्यांना स्वतःचं लुगडं दिसायला लागलं होतं.

डिसेंबरात एकदा स्कूटीवरून ताडकळसला परतताना कापसानं भरलेला ट्रॅक्टर अगदी अंगावर येईपर्यंत त्यांना कळला नाही. मागून मालनबाईंनी खांदा गच्च धरून ओढला म्हणून गाडी कडेला गेली. ट्रॅक्टरवाला शिव्या देत होता हे त्याच्या हातवाऱ्यांवरून समजलं. मालनबाईंनी पिशवी पुन्हा पोटाशी घेतली. मग एवढंच म्हणाल्या, "त्यानं किती वेळा हारन दिला, सिस्टर." धम्मशीलाबाईंनी वाऱ्यावर ढकललं. वारं कानात शिरलं होतं, म्हणाल्या.

खरी भीती ट्रॅक्टरची नव्हती. ती रजिस्टरमध्ये होती.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात प्रियांका नावाची एक मुलगी तपासायला आली होती. सहावा महिना, नवऱ्याबरोबर ऊसतोडीला सांगलीकडं निघालेली, बाहेर ट्रक उभा. धम्मशीलाबाईंनी नरसाळं ठेवलं. उजव्या कानानं काही लागलं नाही, डाव्यानंही नाही. बाहेर ड्रायव्हर घाई करत होता. त्यांनी विचारलं, बाळ हलतं का? ती लाजून म्हणाली, लय हालतंय. हलतंय म्हणजे ठीकच असणार, असा त्यांनी हिशेब केला आणि एकशे बेचाळीस सांगितलं. मालनबाईंनी लिहिलं. तेहतीस वर्षांत न ऐकता सांगितलेला तो पहिला आकडा. एकदा सांगितल्यावर दुसरा सोपा गेला. बाळ हलतं म्हणाली की एकशे चाळीसच्या आसपास काहीतरी. पुढच्या अडीच महिन्यांत प्रियांकाला धरून अशा अकरा बाया झाल्या. मे महिना किती लांब आहे, असं त्या मनात म्हणायच्या. तोपर्यंत कुणाला कळू नये आणि कुणाचं काही वाईट होऊ नये. संध्याकाळी बुद्धवंदना म्हणताना त्या पंचशीलातल्या चौथ्या शीलापाशी अडखळायला लागल्या. खोटं न बोलण्याची ती ओळ त्या घाईनं, जवळजवळ गिळून म्हणायच्या.

जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी दुपारी बाराच्या सुमारास कमलबाई आपली सून निकिता हिला घेऊन आल्या. कमलबाई वाडीतल्या बागायतदार घरच्या. त्यांचा मुलगा महारुद्र याच्या जन्माच्या वेळीही धम्मशीलाबाईच हजर होत्या. निकिताची दोन गर्भारपणं तिसऱ्या महिन्यातच वाया गेली होती आणि हे तिसरं आठवा महिना संपवत होतं. कमलबाई तिला घोटभर पाणीसुद्धा स्वतः ओतून द्यायच्या. बाकावर टेकत त्या म्हणाल्या, "ह्या दवाखान्यात तुमचा कान हाय, तवर मला घोर न्हाई बघा."

निकिता पलंगावर आडवी झाली. धम्मशीलाबाईंनी नेहमीसारखं विचारलं, बाळ हलतं ना?

निकितानं आधी सासूकडं पाहिलं. मग ती हळू बोलली, पण धम्मशीलाबाई तिच्या ओठांकडंच बघत होत्या म्हणून समजलं, "काल सांच्यापून कमी हालायलंय. सकाळपून तर... मला समजंना गेलंय."

हे उत्तर आजवर आलं नव्हतं. या उत्तरावर सांगायला त्यांच्याकडं आकडा नव्हता.

त्यांनी नरसाळं टेकवलं. बाळाची पाठ हातानं चाचपून नेमकी जागा शोधली. उजवा कान लावला. शूं शूं. जागा बदलली, डावा कान लावला, डोळे मिटले, श्वास रोखला. काहीतरी धप् धप् लागलं आणि क्षणभर जीव भांड्यात पडला. मग निकिताच्या मनगटावरची नाडी धरली, तर तिची चाल निराळी होती. स्वतःच्या गळ्याला बोट लावलं तेव्हा कळलं, ते ठोके त्यांचे स्वतःचे होते. भीतीनं त्यांचंच काळीज कानात वाजत होतं.

आत काय होतं? बाळ गप्प होतं की कान? त्या पोटावर ओणव्या राहून त्यांना ते सांगता येईना. पत्र्याच्या आडोशाखाली पंखा फिरत होता, हातपंपावर कोणीतरी कळशी भरत होतं, आणि हे सगळं त्यांना फक्त दिसत होतं.

मालनबाईंनी कार्ड मांडीवर घेतलं होतं. "किती लिहू, सिस्टर?"

एकशे चाळीस. आकडा अगदी जिभेवर होता. सांगितला असता तर कमलबाई उठल्या असत्या, निकितानं पदर सावरला असता आणि दोघी घरी गेल्या असत्या. त्या घराचं दार, तिथला ओटा, आणि उद्या-परवा त्या ओट्यावर जमलेली माणसं, हे सगळं धम्मशीलाबाईंना एका दमात दिसलं.

"लिहू नका, मालनबाई," त्या म्हणाल्या. "माझे कान गेलेत. बाळाचे ठोके आहेत की नाहीत, मला सांगता येत नाही. गाडीला फोन लावा."

कमलबाईंना पहिल्यांदा ते समजलंच नाही. त्या उठून पलंगाशी आल्या, सुनेच्या कपाळावर हात ठेवला आणि सिस्टरांना विचारत राहिल्या, म्हंजी लेकराला काय झालंय, नीट सांगा. धम्मशीलाबाईंनी पुन्हा सांगितलं. बाळाचं मला माहीत नाही. कदाचित सगळं ठीक असेल. बिघाड माझ्या कानात आहे, पण बाळ हलत नाही म्हणते तेव्हा थांबून चालणार नाही. निकिता रडली नाही. दोन्ही हात पोटावर धरून पडून राहिली, जणू हात काढले तर आतलं निसटेल.

परभणीपर्यंतचा रस्ता तासाभराचा. गाडीत मालनबाई ड्रायव्हरशेजारी होत्या, धम्मशीलाबाई निकिताच्या पायाशी बसल्या होत्या आणि तिच्या पोटावर त्यांचा हात होता. हाताला तरी काही कळेल म्हणून. खड्ड्यांतून जाताना पोट हलायचं, पण ते गाडीमुळं की बाळामुळं, हेही समजायचं नाही. डाव्या कुशीवर राहा, त्या सांगत होत्या. कमलबाई खिडकीबाहेर बघत ओठ हलवत होत्या. त्या देवाचं नाव घेत होत्या की आपल्याला बोलत होत्या, हे धम्मशीलाबाईंना कळायला मार्ग नव्हता.

मोठ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरणीनं पोटावर यंत्र फिरवलं. धम्मशीलाबाई आवाजाची वाट बघत नव्हत्या, त्या निकिताच्या चेहऱ्याकडं बघत होत्या. आधी तिचे डोळे मोठे झाले, मग भरून आले, मग तिनं तोंडावर पदर घेतला. पडद्यावर आकडा होता, एकशे अडतीस. बाळ झोपाळू होतं, इतकंच. दोन दिवस ठेवून घेऊ, डॉक्टरीण म्हणाली.

धम्मशीलाबाई भिंतीला टेकल्या. बाळ ठीक होतं, म्हणजे ती शांतता त्यांच्या कानातली होती. ही दोन्ही वाक्यं त्यांच्या मनात एकदमच आली आणि पहिल्याचा आनंद पुरता व्हायच्या आत दुसऱ्यानं तो पुसून टाकला.

बाहेर कमलबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. आता त्या अगदी शांत होत्या आणि त्यांचे ओठ स्पष्ट वाचता येत होते.

"कवापून ऐकू येईना गेलंय?"

"दिवाळीपासून."

"मागच्या महिन्यात तुमीच एकशे चव्वेचाळीस म्हन्लाव."

"अंदाजानं म्हटलं होतं."

 कमलबाईंनी पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला आणि आत जाऊन निकिताच्या पलंगाच्या पलीकडच्या बाजूला, पाठ करून बसल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं धम्मशीलाबाईंना वाटलं. ओरडणं निदान थोडंफार ऐकू आलं असतं.

त्याच दिवशी मालनबाईंनी त्यांना हाताला धरून कान-नाक-घशाच्या खोलीत नेलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी कानात दिवा घालून पाहिलं. मळ नव्हता, पडदा शाबूत होता. मग त्यांनी साखरेचं विचारलं. रक्त तपासलं, तर सातच्या आत हवी ती तीन महिन्यांची सरासरी साखर साडेनऊ टक्क्यांच्या वर निघाली. बाईंनी कागदावर शंखासारखं चित्र काढलं. कानाच्या आत हा भाग असतो, त्याला रक्त पुरवणाऱ्या नसा केसाहून बारीक असतात. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की डोळ्यांतल्या आणि मूत्रपिंडातल्या नसांसारख्या याही खराब होतात. सोबत ऐकण्याची शीरही दुबळी होत जाते. साखरवाल्यांमध्ये हे बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त दिसतं, दुखत नाही म्हणून कोणी दाखवत नाही. गेलेलं बहुतेक परत येत नाही, राहिलेलं सांभाळायचं. सोमवारी या, बंद खोलीत बसवून नीट तपासू, मग कानाच्या मशीनचं बघू.

धम्मशीलाबाईंना तक्ता आठवत होता. डोळे, हृदय, मूत्रपिंड, पाय. त्यांनी विचारलं, हे आमच्या तक्त्यावर का नाही? बाई म्हणाल्या, सगळंच एका तक्त्यावर मावत नाही, सिस्टर.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आरोग्य केंद्रात गेल्या आणि डॉक्टरांसमोर रजिस्टर उघडलं. डॉक्टर तिशीतले, भले होते. सगळं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा होता की चार महिने राहिलेत, बाया पुन्हा तपासून घ्या, दुसरं डॉप्लर देतो, पण जुनं लिहिलेलं उकरू नका. चौकशी लागली तर पेन्शन अडकेल. धम्मशीलाबाईंनाही तीच भीती होती आणि ती रात्रभर उशाशी बसली होती. तरी त्यांनी लाल पेन काढलं आणि अकराही नोंदींसमोर एकेक ओळ लिहिली, ठोके ऐकू आले नाहीत, आकडा अंदाजाने लिहिला. प्रत्येक ओळीखाली सही केली. अकराव्या सहीपर्यंत अक्षर वाकडं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, वर कळवावं लागेल मला. कळवा, त्या म्हणाल्या.

मग डॉप्लर घेऊन दोघी घरोघर फिरल्या. स्कूटी आता मालनबाई चालवत होत्या, गाडी चालवायला शिकल्यापासून पहिल्यांदाच त्यांना पुढची जागा मिळाली होती. "मागं बसल्यावर कसं वाटायलंय, सिस्टर? जीव मुठीत ना? पंधरा वर्सं माझा असाच हुता," त्या मान मागं वळवून मोठ्यानं म्हणाल्या. धम्मशीलाबाई त्या दिवसात तेवढ्या एकदा हसल्या. प्रत्येक दारात त्या आधी आपल्या तोंडानं सांगायच्या की मागचा आकडा खरा नव्हता. एका घरी चहा आला, दोन घरी दार अर्धंच उघडलं, एका सासूनं विचारलं की सरकार पगार कशाचा देतं.  दर वेळी यंत्र पोटावर ठेवलं की धम्मशीलाबाई मालनबाईंच्या तोंडाकडं बघत राहायच्या. मालनबाईंनी मान हलवली की आकडा लिहायचा. शनिवारपर्यंत नऊ घरं झाली आणि नऊही जणी ठीक होत्या.

निकिताचं परभणीत कळलंच होतं. राहिली फक्त प्रियांका. सगळ्यात पहिली. तिचा नववा महिना लागला असणार, आणि तिच्या नवऱ्याचा फोन बंद होता. मालनबाईंनी तिच्या भावकीत विचारलं, मुकादमाचा नंबर मिळवला, तोही लागेना. धम्मशीलाबाईंना बाहेर उभा ट्रक दिसायचा, आणि मागं उसाच्या मोळीसारखी चादरीत गुंडाळलेली भांडी. आपण तेव्हा एक दिवस थांब म्हटलं असतं तर? ताट तसंच राहायचं. गुरुजी ताटातली भाकरी मोडून त्यांच्यासमोर धरायचे आणि न बोलता गोळीची पट्टी शेजारी ठेवायचे.

सोमवारी परभणीला जाताना पिंगळीच्या फाट्याजवळ मालनबाईंचा फोन थरथरला. बस भरलेली होती. मालनबाई एका कानात बोट घालून ओरडून बोलत होत्या. धम्मशीलाबाई त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होत्या. कपाळावर आठी पडली, ती गेली, पुन्हा पडली. एवढा लांबलेला फोन त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. मग मालनबाईंनी एकदम फोन त्यांच्या कानाला लावला.

नुसती खरखर होती. धम्मशीलाबाईंनी फोन गच्च दाबून धरला, दुसऱ्या कानाला लावून पाहिला. समोर मालनबाई डोळे पुसत मान डोलावत होत्या. हो, आलं ऐकू, असं म्हणणं किती सोपं होतं.

"मला ऐकू येत नाही, मालनबाई," त्या म्हणाल्या.

मालनबाईंनी त्यांचा चेहरा आपल्याकडं वळवून घेतला आणि सावकाश, एकेक शब्द तोंडानं घडवत सांगितलं, "प्रियांका परवा बाळंत झालीय. पोरगी हाय. रडायलीय ती. मी ऐकायलेय ना."

दवाखान्यात त्यांना एका छोट्या खोलीत बसवलं. भिंतींना गाद्या लावलेल्या, समोर काच, काचेपलीकडं एक मुलगी. कानांवर जाड हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी, असं मुलीनं खुणेनं समजावलं. दार लागलं तशी बाहेरची उरलीसुरली गजबज गेली आणि शूं शूं मोठा झाला.

सुरुवातीला काही जाड आवाज आले, त्यांनी बटण दाबलं. मग आवाज बारीक होत गेले. मग आलेच नाहीत. काचेपलीकडं मुलीचा हात मात्र हलत होता. ती काहीतरी वाजवत होती हे उघड दिसत होतं. तिचा खांदा उचलला की आवाज सुटतो, हे धम्मशीलाबाईंच्या लगेच ध्यानात आलं. तेहतीस वर्षं माणसं चेहऱ्यांवरून ओळखण्यात गेलेली. खांदा बघून बटण दाबलं असतं तर निम्मे आवाज नक्की जुळले असते.

त्यांनी नजर खाली वळवली आणि डोळे मिटले. उंबऱ्याशी बसलेली आई तिथंच होती. अंगठा बटणावर होता, घामानं ओला. कुठंच काही वाजत नव्हतं. त्यांनी अंगठा तसाच ठेवला, दाबला नाही, आणि त्या वाट बघत राहिल्या.